दोन कप कॉफी होईपर्यंत

ओइवामामा ‘हो’ म्हणतो तेव्हा श्वास सोडत नाही, आत ओढतो. आमच्या वेहकाला गावात बरेच जण तसंच म्हणतात, पण मामाचं ऐकलं की वाटतं, ह्याचा पाय आत्ता गार पाण्यात पडला. “ह्ह्यो.” झालं. त्यानंतर दोन मिनिटं काही नाही. मग नाक ओढणं, मग टोपी मागे सरकवून कपाळ खाजवणं, मग टोपी पुन्हा पुढे. त्यानंतर एखादं वाक्य आलं तर आलं.

ह्या सगळ्याची नक्कल मला सहा वर्षांची असल्यापासून जमते. माणसं मला तोंडावरून लक्षात राहत नाहीत, आवाजावरून राहतात. शर्यतीच्या मैदानावर माइक धरणारा तुरो, नाकात सर्दी आणि आवाजात लग्नघर: “आऽऽणि बघा बघा मंडळी, सातव्या नंबरची गाडी कुठे निघाली? घरी निघाली!” सॉसेजच्या टपरीवरची केर्टू: “मोहरी लावू का? लावते. नको म्हणालीस तरी लावून झालीय.” पण सगळ्यात जास्त मागणी मामाला. “ए हिल्ले, ओइवा कर ना!” एवढं कोणी म्हटलं की मी टोपी मागे सरकवायची, आणि मी तोंड उघडायच्या आधीच पोरं पोट धरायची.

आता मी ओइवा करत नाही.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. चाळीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला. उणे तीसमध्येसुद्धा त्याचा टँकर कधी रस्त्यात बंद पडला नाही. हे तो स्वतः सांगत नाही, ज्यांचं दूध तो न्यायचा ते सांगतात. त्या टँकरच्या घरघरीने त्याच्या कानांतला वरचा सूर खाऊन टाकला. चिमण्या त्याला ऐकू येत नाहीत. चार हिवाळ्यांपूर्वी लेम्पीमामी गेली, तेव्हापासून तो घरात फक्त झोपतो. जगतो गॅरेजमध्ये. तिथे तो इंजिनं बांधतो, आपल्या गावासाठी आणि आजूबाजूच्या तीन गावांसाठी.

कारण आमच्याकडे शर्यत ही जुन्या, गंजक्या गाड्यांचीच असते. चालवणाऱ्याची सोडून आतल्या सीटा काढायच्या, काचा काढायच्या, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा, आणि उन्हाळ्यात खडीवर, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर पळवायचं. पंधरा वर्षं पूर्ण झाली की परवानगी मिळते. आमच्या शाळेची स्वयंपाकीणसुद्धा पळवते आणि चर्चची पाद्रीबाईसुद्धा, आणि पाद्रीबाई वळणावर धक्का देते. कोणी पैशाच्या जोरावर भारी गाडी आणू नये म्हणून एक नियम आहे. शर्यत संपली की अर्ध्या तासात कोणीही स्पर्धक कोणाचीही गाडी मागू शकतो, सगळ्या गाड्यांना एकच ठरलेली किंमत. चिठ्ठी टाकायची. एकापेक्षा जास्त चिठ्ठ्या आल्या तर टोपीतून एक काढायची. ज्याची गाडी आहे त्याने मुकाट्याने चावी द्यायची. नाही म्हटलं तर पुढची शर्यत विसरा.

त्यामुळे शहाणी माणसं गाडीवर फार जीव लावत नाहीत. मामा लावतो. मी एकदा विचारलं, “संध्याकाळी कोणीतरी घेऊनच जाणार आहे, मग एवढं कशाला घासतोस?”

टोपी मागे. टोपी पुढे. “घेऊन गेला तर घेऊन गेला. नीट चालणारी घेऊन गेला पाहिजे.”

गाडी न्यायला आलेल्या माणसाला तो ट्रेलरपाशी गाठायचा आणि कानाशी जाऊन म्हणायचा, “दोन कप. त्याच्या आधी पळवू नका.” लोक मान डोलवायचे. दोन कप म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. थंड इंजिन चालू केलं की मामा थर्मास उघडायचा, लेम्पीमामीची जुनी गोधडी बॉनेटवर पसरायचा आणि शेजारी उलट्या बादलीवर बसून कॉफी प्यायचा. पहिला कप संपेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला कोणी पाय लावायचा नाही. दुसरा कप संपेपर्यंत फक्त हळू, तळ्याच्या कडेकडेने एक चक्कर. मग शर्यत.

“थंडीत ऑइल मधासारखं होतं, पोरी. खालून वर चढायला त्याला वेळ लागतो. तोवर आत लोखंडावर लोखंड. तू झोपेतून उठल्या उठल्या तळ्याला चक्कर मारतेस का?”

“मी दुपारीसुद्धा मारत नाही.”

“ह्ह्यो.”

आणि मग तो गाडीशी बोलायचा. खरंच बोलायचा. गोधडीवर हात ठेवून, मला ऐकू जात नाही अशा समजुतीने: “ऊठ गं. सावकाश. कोणी मागे लागलेलं नाही.” स्वतःला नीट ऐकू येत नसलं की माणसाला वाटतं आपण हळू बोलतोय. तो अख्ख्या पार्किंगला ऐकू यायचा. माझ्या नक्कलीतला हाच भाग सगळ्यात जास्त चालायचा.

गेल्या जानेवारीत हाउकियार्वी तळ्याच्या बर्फावर शर्यत होती. उणे चोवीस. नाकातले केस कडक होतात तेवढी थंडी. माझी गाडी मामाने शरद ऋतूपासून बांधली होती, निळी, दारावर पांढरा एकशे बारा. घरी असतो तर गाडीची वायर विजेच्या खांबाला लावून, आतल्या हीटरवर इंजिन रात्रभर कोमट राहिलं असतं. इथे ती पहाटेपासून ट्रेलरवर उघड्यावर थिजत पडली होती. मामाने चालू केली, गोधडी पसरली, बादली ठेवली. तेवढ्यात कागद तपासणाऱ्यांनी हाक मारली. माझं वय अठराच्या खाली, त्यामुळे सही मोठ्या माणसाची लागते. मामाने थर्मास माझ्या हातात दिला.

“मी येईपर्यंत बघत बस. हात लावू नकोस.”

“नाही लावत.”

“पायसुद्धा.”

“जा रे मामा!”

तो गेला आणि आत्तो आला, त्याच्या मागून आमच्या वर्गातली आणखी पाच-सहा जणं, सॉसेज खात. आत्तो म्हणाला, “ए हिल्ले, ओइवा गेला ना? मग ओइवा कर!”

मी खिडकीतून आत शिरून सीटवर बसले. टोपी मागे. नाक ओढलं. “ह्ह्यो,” असा ओढला की पहिल्याच श्वासाला आत्तोच्या नाकातून मोहरी आली. मग गोधडीकडे बघत, मामाच्या त्या मोठ्या हळू आवाजात: “ऊठ गं बाई. सावकाश. लेम्पीसारखी दुपारी बारा वाजता ऊठ, मी काही म्हणणार नाही.” लेम्पीमामीला मध्ये आणायचं कारण नव्हतं. पण हसू चढत होतं, आणि हसू चढायला लागलं की मी थांबत नाही. “पहिला कप ऑइलचा. दुसरा कप तुझा. तिसरा कप पाद्रीबाईचा, कारण ती धक्का देते.” सगळी गाडीला टेकली होती. कोणाला तरी उचकी लागली. आणि मला वाटलं, आता शेवट जोरात पाहिजे.

“आणि आता,” मी मामाच्याच आवाजात म्हटलं, “चाळीस वर्षांत जे केलं नाही ते!”

आणि पाय शेवटपर्यंत दाबला.

न्यूट्रलमध्ये, उणे चोवीसला, पहिल्या कपाच्याही आधी. इंजिन किंचाळलं. थोडं ऑइल चढलं असेल तर असेल, बाकी सगळं कोरडं. तो आवाज मला अजून येतो. वरून किंचाळी, आणि खाली, त्या किंचाळीच्या पोटात, एक खरखर, जशी खडीची पाटी पत्र्यावर ओतावी. मी चार-पाच सेकंद दाबून धरला. पोरं टाळ्या वाजवत होती.

मामा घाईघाईने परत आला. त्याला चिमण्या ऐकू येत नाहीत, पण हे ऐकू आलं.

“कोण ओरडवत होतं?”

पोरं सॉसेजकडे बघायला लागली. मी म्हणाले, “तो पलीकडचा. लाल गाडीवाला.”

पलीकडे एक दाढीवाला गृहस्थ शांतपणे बॉनेट पुसत होता. मामा बर्फ तुडवत त्याच्याकडे गेला. मला लांबून दिसलं, टोपी मागे, टोपी पुढे, हाताने खालून वर चढणारं ऑइल दाखवणं. तो दाढीवाला आधी गोंधळला, मग कदाचित म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून मान डोलवायला लागला. आमची सगळी गँग गाडीमागे वाकून हसत होती. मीसुद्धा.

त्या दिवशी मी अंतिम शर्यतीत तिसरी आले. माझ्या आजवरच्या शर्यतींतला सगळ्यात चांगला नंबर. पण शेवटच्या दोन फेऱ्यांत, वळणाआधी पाय सोडला की, एक आवाज यायला लागला होता. टक टक टक टक. खालून. माझे कान चांगले आहेत म्हणून मिरवते ना मी? मला तो त्यातल्या पहिल्याच वळणावर ऐकू आला. मी स्वतःला सांगितलं, चाकाला बर्फ चिकटला असेल. मला माहीत होतं की चाकाचा आवाज चाकाच्या वेगाने बदलतो आणि हा इंजिनाच्या वेगाने बदलत होता. तरी मी सांगितलं.

माझ्या गाडीवर चार चिठ्ठ्या पडल्या. टोपीतून निघाली ती याल्मारी हाउतालाची, पन्नास किलोमीटरवरचा गाईवाला माणूस. त्याची मुलगी सेल्मा माझ्याच वयाची, शर्यतीतला पहिलाच हिवाळा, चिठ्ठी तिच्यासाठीच. ती बापाच्या मागे उभी राहून एकशे बाराकडे बघत होती, जत्रेतल्या घोड्याकडे बघतात तशी. याल्मारीने मलाच विचारलं, चालवणारी मी होते म्हणून.

“काही आवाज-बिवाज?”

आजूबाजूला दहा गाड्या ट्रेलरवर चढत होत्या, कोणाला काही ऐकू येत नव्हतं. मामा माझ्या शेजारी गोधडीची घडी घालत होता. त्या क्षणी मी म्हणू शकले असते. नियमाप्रमाणे गाडी तरीही गेली असती, पण याल्मारीने घरी जाऊन आधी इंजिन उघडलं असतं. फक्त मग ‘कसा आवाज’, ‘कधीपासून’, आणि मग लाल गाडीवाला.

“छे!” मी म्हणाले. “ओइवामामाचं इंजिन आहे ते.”

याल्मारी हसला. “म्हणून तर चिठ्ठी टाकली.”

मामाने नाक ओढलं आणि दुसरीकडे बघितलं. तो खूश झाला की दुसरीकडे बघतो. मग त्याने सेल्माला गाठून सांगितलं, “दोन कप. त्याच्या आधी नाही.” तिने खिशातून पेन काढून ते हातमोज्यावर लिहून घेतलं.

दोन आठवड्यांनी, दुसऱ्या कुठल्याशा तळ्यावर, पाचव्या फेरीला इंजिन फुटलं. आतला कनेक्टिंग रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला आणि सगळं ऑइल बर्फावर. सेल्मा गरगरत बर्फाच्या भिंतीवर जाऊन आदळली. लागलं काही नाही, पिंजरा मजबूत होता. तोही मामानेच बांधलेला.

मामाने गॅरेजमधलं दुसरं इंजिन उचललं, हाउतालाकडे गेला, दिवसभर खपून बसवून दिलं आणि फुटलेलं घेऊन आला. मी त्या दिवशी शाळेत होते आणि शाळेत असल्याचा मला आनंद झाला, हेही लिहून टाकते.

त्यानंतर मी मामाकडे जायचं टाळलं. परीक्षा आहे, दात दुखतोय, आत्तोकडे प्रोजेक्ट आहे. शर्यतीला एकवीस दिवस झाले तेव्हा आईने वेलदोड्याच्या गोड पावांची पिशवी माझ्या हातात कोंबली. “जा बघून ये त्याला. काल गेले तर गॅरेजमध्ये दिवा न लावता बसला होता. ‘काय झालं’ म्हटलं तर म्हणे काही नाही. तुझ्याशी बोलतो तो.”

शाळेतून परस्पर गेले. मामा स्वयंपाकघरात होता, आणि ते विचित्र होतं, कारण दुपारी तो तिथे कधी नसतो. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर माझ्या इंजिनातलं बेअरिंगचं अर्धं कडं. चंद्रकोरीसारखं, जळून काळंनिळं झालेलं. शेजारी फोन, आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाच नावं.

“बस,” मामा म्हणाला. “कॉफी घे. मला जरा फोन करायचेत.”

“कोणाला?”

त्याने त्या कड्यावरून बोट फिरवलं. “ऑइल पोचलं नाही इथे. वाट बंद होती. बांधताना मी फडक्याने पुसतो ना, त्याचा धागा राहिला असणार आत. नाहीतर काय? मी आतून धुवायला विसरलो.” आणि मग हात पुढे करून माझ्यासमोर धरले, बोटं पसरून. थोडी थरथरत होती. साठ वर्षांच्या कोणाचीही थरथरतील एवढीच. “बघ. मला वाटलंच होतं. लेम्पी असताना ती सांगायची, तुझा चष्मा बदल.”

मी पावाचा तुकडा तोडला. तो वर्तमानपत्राच्या कडेला ठेवला.

“ह्या हिवाळ्यात पाच जणांना इंजिनं दिली. त्यांनी उघडून बघायला पाहिजेत. सेल्मासारखं कोणी आदळायला नको.” त्याने फोन उचलला.

पहिला कालेर्वोला, आरागिरणीवरच्या. मामा म्हणाला, “कालेर्वो? ओइवा. तुझं इंजिन पळवू नकोस. उघडून बेअरिंग बघ. माझ्याकडून चूक झाली असेल. हाउतालाच्या गाडीत झाली. ह्ह्यो. नाही, ऑइलची चूक नाही. माझी.”

दुसरा पाद्रीबाईंना. तीच वाक्यं, त्याच क्रमाने. पण ‘माझ्याकडून’ म्हणताना आवाज थोडा खाली गेला. मला कळतं. माझं कामच ते. पहिल्या फोनला तो आवाज टेबलासारखा होता, दुसऱ्याला त्याला एक पाय कमी झाला. पाद्रीबाई काहीतरी गोड बोलल्या असाव्यात, कारण मामा म्हणाला, “नाही, नाही, देवाचा काही संबंध नाही.”

तिसरा शाळेच्या स्वयंपाकिणीला. आता त्याने आणखी एक वाक्य जोडलं: “आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाकडे दे. मी बांधणं बंद करतोय.” ते म्हणताना त्याने डोळे मिटले होते.

तीन फोन मी ऐकले. पहिल्यालाच थांबवायला हवं होतं. दुसऱ्यालाही चाललं असतं. मी तिथे बसून पावावरची साखर बोटाने उचलत होते. एक फोन होऊ दे, मग बोलू; हा शेवटचा, मग बोलू. मामाने चौथा नंबर लावायला घेतला तेव्हा मी फोन पकडला, बटण दाबून बंद केला आणि म्हटलं, “धागा नव्हता.”

मामाने टोपी शोधली. टोपी घरात घातलेली नव्हती. हात तसाच डोक्यावर राहिला.

“लाल गाडीवाला नव्हता तो,” मी म्हणाले. “मी होते.”

मामाने हात खाली घेतला. मग डॉक्टर विचारतो तसं विचारायला लागला. “किती कप झाले होते?”

“थर्मास उघडलाच नव्हता.”

“ऑइलचा लाल दिवा?”

“बघितला नाही.”

“किती वेळ दाबलास?”

“चार सेकंद. पाच असेल.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“आणि आवाज कधी आला?”

“अंतिम शर्यतीत. शेवटच्या दोन फेऱ्या.”

“म्हणजे याल्मारीने विचारलं तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“का?” त्याने विचारलं. “घाई होती? कोणी चिडवलं?”

मला खोटं सांगता आलं असतं. घाई होती म्हटलं असतं तर त्याला पटलंही असतं. “तुझी नक्कल करत होते. पोरांसमोर. गाडी गरम करताना तू कसा बोलतोस त्याची.”

“दाखव.”

“मामा, नको ना.”

“दाखव म्हटलं.”

मी उठले. त्याच स्वयंपाकघरात, त्या काळ्या कड्यासमोर. टोपी नव्हती, नुसता हात मागे सरकवला. नाक ओढलं. “ह्ह्यो.” मग ते ‘ऊठ गं बाई, सावकाश’. लेम्पीमामीपाशी आल्यावर मी थांबले, पण मामा मान तिरकी करून ऐकत होता, इंजिन ऐकतो तशी, त्यामुळे मी तेही म्हटलं. दुपारी बारा वाजता ऊठ, तेही. शेवटचं वाक्यसुद्धा. आणि फरशीवर पाय दाबला.

“टोपी मी डाव्या हाताने सरकवतो,” मामा म्हणाला. “बाकी बरोबर आहे.”

मग तो खुर्चीवर मागे टेकला. हात उलटे करून टेबलावर ठेवले आणि तळवे बघत राहिला. “म्हणजे धागा नव्हता.”

“नव्हता, मामा.”

मला वाटलं, त्याला बरं वाटलं असेल. चेहऱ्यावरून वाटलंही क्षणभर. मग त्याने वर बघितलं. ओइवामामा रागावलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे मला तो ओळखायलाही वेळ लागला. आवाज चढला नाही. शब्द फक्त एकेक करून बाहेर आले.

“एकवीस दिवस तू बोलली नाहीस, पोरी. शेवटचा आठवडाभर मी रोज सकाळी ह्या हातांकडे बघत होतो. एकवीस दिवस.”

मी ‘चुकले’ म्हणाले. ते शब्द टेबलावरून घरंगळून खाली पडल्यासारखे वाटले. त्याने ते उचलले नाहीत. त्याने फोन माझ्याकडे सरकवला.

“तिघांना मी सांगितलंय. ते तू परत सांग. काय झालं ते सगळं. मग हाउताला.”

“आत्ता?”

“नाहीतर कधी?”

कालेर्वोने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं झालं, इंजिन उघडायला जायला मी बूटच घालत होतो.” मग थोडं थांबून, “ओइवाला स्वतःवरच शंका घ्यायला लावलीस तू. मघाशी फोनवर मला कळलंच नाही काय बोलावं.” पाद्रीबाई म्हणाल्या, “सांगितलंस, चांगलं केलंस. एवढ्या उशिरा सांगितलंस, त्याचं काय ते तूच बघ.” स्वयंपाकीण म्हणाली, “उद्या जेवणाच्या रांगेत माझ्यासमोर ये, आणि हेच माझ्या डोळ्यांत बघून सांग. नाहीतर वाढणार नाही.” तिघांपाशीही ‘नक्कल’ हा शब्द म्हणताना मी घसा साफ केला. तिघांनीही विचारलं, “कसली नक्कल?” आणि तिघांनाही सांगावं लागलं. मामा खिडकीपाशी पाठ करून उभा होता. काही ऐकू येत असेल किंवा नसेल.

हाउतालाकडे फोन सेल्माने उचलला. मागे गाई हंबरत होत्या.

मी नाव सांगितलं. एकशे बारा, म्हणाले. जानेवारीतली. मग सगळं: थंड इंजिन, पाय, पोरं, लाल गाडीवाला, टकटक, आणि ‘छे’. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

“तुला माहीत होतं,” सेल्मा म्हणाली.

“हो.”

“मी दोन कप थांबले होते,” ती म्हणाली. “प्रत्येक वेळी. बाबा हसायचे, तरी थांबायचे. आणि फुटलं तेव्हा बाबा म्हणाले, ओइवाचं इंजिन असं फुटत नाही, तूच चौथ्याच्या जागी दुसरा गिअर टाकला असशील. मी म्हटलं, नाही टाकला. मग ते रोजच म्हणायला लागले, तेव्हा मला वाटायला लागलं, टाकला असेन. आठ दिवस मी आठवतेय तो गिअर.” तिचा श्वास ऐकू आला. “बाबांनी मला पुढच्या शर्यतीतून काढलंय. ओइवाचं इंजिन परत फोडायला देणार नाही म्हणाले.”

माझ्या डोक्यात एवढंच होतं की मामाने तिथे दिवसभर खपून नवीन इंजिन बसवलं, तेव्हा ती पोर शाळा बुडवून तिथेच उभी असणार, पाने हातात देत, आणि दोघंही आपापल्या मनात समजत असणार की हे माझ्यामुळे झालं. एका गाडीवर दोघं वाकलेले, आणि मी शाळेत.

“थांब,” सेल्मा म्हणाली. “बाबा गोठ्यात आहेत. बोलावते. मला सांगितलंस तसंच त्यांना सांग, काही गाळू नकोस.”

फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. दार उघडलं. ती लांबून ओरडली, “बाबा! या ना इकडे! आत्ता!” मग बराच वेळ काहीच नाही. मामा खिडकीपासून वळला होता आणि माझ्याकडे बघत होता. मला फोन त्याच्या हातात द्यावासा वाटला. त्याने हात खिशात घातले.

पलीकडे रबरी बुटांचा फटक फटक आवाज जवळ आला. कोणीतरी हात पुसले.

“हं,” याल्मारी हाउताला म्हणाला. “बोल. कोण बोलतंय?”

“हिल्ला,” मी म्हणाले. “तुमच्या सेल्माने गिअर चुकवला नव्हता.”